कांजिण्यांचा दुसरा डोस

“डॉक्टर, दोन डोसांच्या मधे तीन महिने लागतात म्हणालात ना? मग निखिलला तेवढंच सांगा. पुढचं गिळून टाका.”

भालेरावकाका हे माझ्या कानात सांगत होते, म्हणजे त्यांच्या मते कानात. काकांची कुजबुज आमच्या गुरुग्रामच्या टॉवरमध्ये बाविसाव्या मजल्यावरून तळघरातल्या पार्किंगपर्यंत पोचते. त्यांचा मुलगा निखिल बाहेर मीटिंगच्या कॉलवर होता, म्हणून वाचलो.

मी बालरोगतज्ज्ञ. इतकी इंजेक्शनं दिलीत की त्या पोरांच्या रडण्यावर एखादं मध्यम धरण भरलं असतं. आणि अमेरिकेतल्या शाळांचे लसीकरणाचे फॉर्म इतके भरलेत की एव्हाना तिकडच्या लोकांनी मला मतदानाला बोलवायला हवं होतं.

तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा. ठरावीक लसी झाल्याशिवाय शाळा मूल घेत नाही. काही राज्यांत धर्माच्या कारणाने सूट मिळते. काहींत फक्त मेडिकल, म्हणजे ही लस या मुलाला खरोखर धोक्याची आहे असं डॉक्टरने लिहून द्यायचं. निखिल राहायला चालला होता त्या राज्यात फक्त मेडिकल. त्याची मुलगी ईरा पाच वर्षांची. सगळ्या लसी झालेल्या, कांजिण्यांची सोडून. ती आपल्याकडे सरकारी यादीत नाही, आणि घरात काकांनी निकाल दिला होता: “कांजिण्या येतात, पाहुण्यासारख्या राहतात, जातात. त्याला सुई कशाला?”

निखिल ईराला घेऊन आत आला. “सर, एक एक्झेम्प्शन लिहून द्या ना. ॲलर्जी वगैरे. तिकिटं बुक आहेत, यार.”

“कशाची ॲलर्जी?”

“तुम्हीच ठरवा.”

“आहे ना मला,” ईरा म्हणाली. “सुईची. बिल्कुल आहे.”

एक्झेम्प्शनला मी तिथल्या तिथे नाही म्हटलं. ते सोपं होतं. अवघड होतं ते काकांचं.

सून आधीच तिकडे रुजू झाली होती. काका इथेच राहणार होते. “मला तिकडची थंडी सोसत नाही,” असं ते सगळ्यांना सांगत. चल म्हणून त्यांना कुणी विचारल्याचं माझ्या कानावर नव्हतं. तीन महिने मिळाले तर दिवाळी इथे होणार होती.

आणि माझं? बायको गेल्यापासून मी घरी मराठीत फ्रिजशी बोलतो. तो उत्तर देतो, पण एकच. संध्याकाळी काका ईराला सर्दी नसताना सर्दीसाठी आणायचे आणि तासभर मराठीत गप्पा मारत बसायचे. ईरा गेली की लहान मुलांच्या दवाखान्यात यायला काकांना काही निमित्तच उरणार नव्हतं. म्हणजे त्या तीन महिन्यांत माझाही वाटा होता.

गिळायचं होतं ते इतकंच: पहिला डोस घेतला, दुसऱ्याची तारीख दाखवली, की ती शाळा तात्पुरता प्रवेश देते. दुसरा डोस तिकडे.

मी सिरिंज भरायला घेतली. वैद्यकाच्या इतिहासात इतक्या सावकाश कुणी भरली नसेल. मग निखिलला ते सांगून टाकलं.

“अरे वा! मग प्रॉब्लेमच नाही,” निखिल म्हणाला.

काका भिंतीवरच्या उंची मोजायच्या जिराफाकडे बघत राहिले. ईराने असा गळा काढला की फरीदाबादच्या गिरण्या शिफ्ट सुटल्याचा भोंगा समजून बंद पडल्या असतील.

ठरल्या विमानाने ते गेले. काका यायचे बंद झाले. लिफ्टमध्ये भेटले तर मजल्यांचे आकडे वाचत उभे राहायचे, जणू रोज नवे लिहितात.

मग एका संध्याकाळी वेटिंग रूममध्ये, डायपरवाल्या पेशंटांच्या रांगेत, लाल प्लॅस्टिकच्या बुटक्या खुर्चीत काका. गुडघे हनुवटीला टेकलेले.

“काका, मी लहान मुलांचा डॉक्टर.”

“माहितेय. मोठ्यांना एखादी लस असते का?”

“नागिणीची आहे.”

“डोस किती?”

“दोन. मध्ये दोन महिने तरी.”

“एवढे?” काका हिरमुसले. “मधे तपासायला यावं लागत नाही?”

“लागतं की,” मी म्हटलं. “रोज.”

माझ्या पेशाने मला एवढंच शिकवलं: डॉक्टरने खोटं कागदावर लिहू नये. तोंडी चालतं.