सगळे तिचंच विचारत होते

नोकरीतली बरीच प्रकरणं आता एकमेकांत मिसळून गेली आहेत. कुलाबा जिल्ह्यात रेवदंड्याच्या बाजूला फौजदार असतानाचं हे एक मात्र स्वच्छ आठवतं. एकोणीसशे तीस साल अजून उजाडलं नव्हतं.

चौलच्या एक मुसलमान वृद्ध बाई बैलांच्या दमणीतून ठाण्यावर आल्या. त्यांच्या घरचा पूर्वी गलबतांचा व्यापार होता. बाकावर बसायलाही त्या तयार नव्हत्या. म्हणाल्या, "साहेब, माज्या घरात एक कोळीण हाय. तिच्यावर जुलूम झालाय आन् तोहमत पन तिच्यावरच. गावानं भायेर काडलीय."

जमादार माझ्या कानाशी पुटपुटला, "अब्रूचं प्रकरण आहे साहेब. बोभाटा झाला तर बाईचंच वाईट."

मी त्याला घेऊन चौलला गेलो. ती तरुण विधवा होती, सुकी मासळी विकणारी. परसात खाडीकडे तोंड करून बसली होती. पलीकडच्या तीरावर तिचा कोळीवाडा दिसत होता. तिची लहान मुलगी तिथे सासूपाशी राहिली होती. जबानी देताना तिची नजर पुन्हा पुन्हा तिकडे जाई. गावातल्या एका वजनदार व्यापाऱ्याने मासळी तोलायच्या निमित्ताने तिला वखारीत बोलावलं होतं आणि दार लावून तिच्यावर बलात्कार केला होता.

जमादाराने जबानी वाचून दाखवली. त्यात त्याच्या सवयीचं वाक्य होतं, 'माझी अब्रू गेली.'

"ह्ये मी बोलले न्हाय," ती म्हणाली. "माजी अब्रू कुटं गेली न्हाय. त्यानं जबरदस्ती केली. तसं लिवा."

जमादाराने माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, "ती सांगते तसंच लिहा."

कोळीवाड्यात चौकशी सुरू केली. कोणी तोंड उघडेना असं नव्हतं, उलट सगळे बोलत होते. पोरीचं वाईट झालं. तिचा पाय घसरला. नशीब फुटलं. ती बाटली. सासू म्हणाली, "घरान लहान पोर हाय, अशा सुनंला कशी ठेवू?" ऐकता ऐकता माझ्या ध्यानात आलं की या सगळ्या बोलण्यात करणारा माणूसच नाही. ताप यावा, होडी बुडावी, तसं तिचं काहीतरी 'झालं' होतं. आणि मीही प्रत्येकाला विचारत होतो, तिचं काय झालं?

व्यापारी ठाण्यात निर्धास्त बसला होता. "गावाला विचारा, बाई कशी आहे ती," एवढंच त्याचं उत्तर.

वखारीसमोर एक म्हातारा तांडेल, एकेकाळचा होडीवरचा म्होरक्या, जाळी विणत बसे. त्याच्याकडे मी पुन्हा गेलो. "तिचं राहू द्या," मी म्हटलं. "त्या दिवशी शेट काय करत होता, ते सांगा."

त्याचे हात थांबले. "त्यानं आतून दार लावलं. ती आरडत व्हती. मी उठलो, तं त्याचा गडी दारान हुबा. बोलला, शेटच्या कामान पडू नको."

"इतके दिवस का सांगितलं नाहीत?"

"कोनी इचारलंच न्हाय, सायेब. सगली तिचंच इचारत व्हती."

गड्याला आणला. तांडेलासमोर उभा केल्यावर त्याने कबूल केलं. खटला अलिबागच्या सेशन कोर्टात उभा राहिला आणि व्यापाऱ्याला सक्तमजुरी झाली.

निकाल सांगायला मी चौलला गेलो, तेव्हा सासूही मुलीला घेऊन आली होती. "झालं ते झालं," सासू म्हणाली. "पंच बोलतान, तुला पदरान घेऊ. माफी माग आन् चल."

"माफी कशाची?" तिने विचारलं. "मी काय केलंय?"

मुलगी आईच्या मांडीवर चढली. "आये, तू वायट झालीस?"

"न्हाय गो. एक मानूस माज्याशी वायट वागला. सरकारनं त्याला तुरुंगान घातला."

"मंग घरला का येत न्हाय?"

तिने मुलीला छातीशी धरलं आणि सासूकडे पाहिलं. सासूची मान खाली गेली. मी तिथून निघालो. पुढे माझी बदली माणगावला झाली.

कायदा गुन्हेगाराला तुरुंगात टाकतो. गावाच्या तोंडातलं वाक्य मात्र कोणत्याही कोर्टाला बदलता येत नाही, हे मला त्या प्रकरणाने शिकवलं. नंतर नोकरीभर मी अशा चौकशीत पहिला प्रश्न नेहमी 'त्याने काय केलं' हाच विचारला.

ती घरी गेली का, हे मला कळलं नाही. आता म्हसळ्यात असतो. रेवदंड्याकडचं कोणी भेटलं की विचारावंसं वाटतं, अगदी जिभेवर येतं. पण ओळख काय सांगणार? तिचं नाव मी उघड करणार नाही. आणि ज्या शब्दांनी गाव तिला ओळखत होतं, ते मला उच्चारायचे नाहीत. मग त्या बाजूच्या पाऊसपाण्याची, मासळीची चौकशी करतो आणि गप्प बसतो.