अशर्फीची अंघोळ

आमच्या घरातली लक्ष्मी नकली आहे, हे माझ्या मामानं माझ्या पोरीच्या बारशात जाहीर केलं, तेव्हा मी पंगतीत जिलेबी वाढत होतो.

लक्ष्मी म्हणजे निजामाच्या राज्यातली सोन्याची अशर्फी. एका बाजूला चारमिनार, दुसऱ्या बाजूला आमच्यापैकी कुणालाच वाचता न येणारी अक्षरं. आजोबा केजहून कापसाच्या गाड्या घेऊन हैदराबादला गेलते, तिथं एका नवाबानं खूश होऊन ती दिली, असं अप्पा, म्हणजे माझे वडील, सांगायचे. (मी पहिलीत होतो तेव्हा तो नवाब होता. मी मॅट्रिक होईपर्यंत खुद्द निजाम झाला होता!) वर्षभर ती तिजोरीत असायची. लक्ष्मीपूजनाला आई तिला चिंच आणि राखेनं लख्ख घासायची, पंचामृतानं न्हाऊ घालायची आणि चौरंगावर बसवायची. चारमिनारच्या मधल्या दारात एक बारीक आकृती होती. ती दारात उभी राहिलेली लक्ष्मी, असं आईचं ठाम मत. त्यामुळे कुंकवाचं बोट नेमकं त्या दारात टेकायचं.

बारशाच्या दिवशी अप्पांनी नातीच्या कपाळाला लावायला अशर्फी बाहेर काढली आणि घात झाला. मामा घाटनांदूरचा आडत्या. ज्वारीचा दाणा दाताखाली धरून ती कुणाच्या रानातली ते सांगणारा माणूस. त्यानं अशर्फी उचलली आणि सरळ दाताखाली धरली!

"दाजी, गिलीट हाय की हे!"

"पाव्हणं, तोंड सांभाळा!"

"तोंडानंच सांगायलोय. दात उमटंना हिच्यावर. अस्सल सोनं लोण्यावानी असतंय. तुमच्या नवाबानं लई झ्याक बनवलं तुमच्या बापाला!"

सगळी पंगत हसली. मीही हसलो, कारण हातात जिलेबीचं ताट असताना दुसरं काय करायचं ते मला सुचेना. पण अप्पांचा चेहरा बघितला आणि ताट खाली ठेवलं. त्यात आईनं सगळ्यांसमोर सांगून टाकलं, "शंका आली ना? मंग खोट्याची पूजा म्या न्हाई करायची. खरी ठरंल तवाच चौरंगावर बसवीन." आणि दिवाळी तोंडावर आली होती.

त्या दिवसापासून अप्पांची वाचाच बसली. दुकानात गिऱ्हाईक म्हणालं, तूर डाळीत खडे हायत, तरी अप्पा भांडेनात! किराणा दुकानदार भांडेना म्हणजे दुखणं खोल गेलं, हे मला कळून चुकलं. बापाचा बाप खोटा ठरला होता. काहीही करून दिवाळीच्या आत अशर्फी तपासून आणायची, असं मी ठरवलं.

त्या काळात देशाचे दरवाजे जगाला उघडले होते, आणि त्यातला एक दरवाजा अप्पांच्या दुकानाला खेटून माझ्या ताब्यात होता. म्हणजे माझं एसटीडी बूथ. आमच्या गल्लीतला सोनार म्हणाला होता, "आणा, कसोटीवर एक रेघ ओढतो, झालं." त्यावर अप्पा कित्येक दिवसांनी बोलले ते एवढंच, "देवाला दगडावर घासतो व्हय बे?" (चिंचेचा आणि राखेचा विषय मी काढला नाही.) मग मी छंदवाल्यांच्या एका मासिकातून नाणी तपासून देणाऱ्यांच्या जाहिराती काढल्या, अप्पांना बूथमध्ये स्टुलावर बसवलं आणि फोन लावायला सुरुवात केली.

पहिला मुंबईचा. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत म्हणाला, "अशर्फी ना? शंभर टक्के अस्सल! ड्राफ्ट पाठवा, सर्टिफिकेट लगेच कुरिअरनं येईल."

"पण तुम्ही ती बघितली कुठं?"

"अहो, तुमच्या आवाजावरून कळतंय ना, खानदानी घर आहे!"

मला हे फार पटलं. अप्पा म्हणाले, "ठेव फोन."

दुसरा त्याच्या उलट. "पाठवा. बहुतेक नकलीच निघेल. पण काळजी करू नका, नकली निघाली तरी आम्हीच ठेवून घेऊ. काहीतरी देऊ तुम्हाला."

"किती भला माणूस!" मी फोनवर हात ठेवून म्हणालो.

"भला? बसू, ज्याला घ्यायचीय, त्योच खरं-खोटं ठरवणार? असं तर मी बी करत न्हाई!" (बसू म्हणजे मी. आणि अप्पा तसंच करायचे. शेतकऱ्याकडून हरभरा घेताना अप्पांच्या तोंडून कधी हरभऱ्याची स्तुती निघाली नाही.) दुसराही फोन ठेवला.

तिसरा औरंगाबादचा, हाश्मीसाहेब म्हणून. सरकारी संग्रहालयातून निवृत्त झालेले. मी आदरानं सगळी हकिकत सांगितली, तर पलीकडून आवाज आला, "मैं सिक्के खरीदता नहीं, बेचता नहीं. नकली निकला तो मुंह पे नकली बोलूंगा, रोना है तो अपने घर जाके रोना. और सुनो मियां, उसको साफ मत करना! मेरे पास ऐसेच लाना." खाडकन फोन आपटला.

माझे कान लाल झाले. अप्पांचा चेहरा मात्र बारशानंतर पहिल्यांदा उजळला.

"बसू, ह्योच माणूस!"

"अप्पा, अंगावर आला की त्यो!"

"म्हणूनच. गिऱ्हाइकाला असं बोलायचं म्हंजी ज्याला कुणाकडून काय नको त्योच पायजे. माझ्या मनात रोज येतंय, पर जल्मात जमलं न्हाई."

आईला मी नीट बजावलं, "साहेबांनी सांगितलंय, साफ करायची न्हाई."

"साफ कोण करतंय? पर परगावाला निघाली ती, पारोशी कशी धाडू?"

आणि पहाटे चिंच, राख, ऊन पाणी! अंघोळ घालूनही मिनाराच्या कोपऱ्यात काळी रेघ उरली होती. ती मला बघवेना. मग मीच टूथपेस्ट लावून ब्रशनं काढली. (ब्रश नवा होता!) अशर्फी अशी चमकायला लागली, की मी स्वतःवरच खूश झालो. अप्पांनी ती फडक्यात बांधून कनवटीला खोचली आणि आम्ही एसटीत बसलो. औरंगाबादपर्यंत अप्पांनी पोटावरचा हात काढला नाही. शेजारच्या बाईनं त्यांना ओवा दिला.

हाश्मीसाहेबांच्या खोलीत शिरताना अप्पांनी जिन्याखालीच चपला काढल्या. काचेच्या पेटीत नाजूक तराजू, टेबलावर दिवा, भिंतभर पुस्तकं. साहेबांनी पंखा बंद केला, कारण वाऱ्यानं तराजू हलतो. अशर्फी त्यांनी दोन बोटांनी फक्त कडेला धरून उचलली. मामानं जिला दाताखाली धरलं होतं, तिला हा माणूस असं धरत होता, जणू ती आत्ताच जन्मली आहे. भिंग डोळ्याला लागलं. आणि पहिलं वाक्य आलं,

"धोया किसने?"

अप्पांनी माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे.

"घर के भगवान है साहेब," अप्पा त्यांच्या हिंदीत म्हणाले, "बिगर अंघोळ के कैसे आणते?"

साहेबांनी भिंग खाली ठेवलं. मग त्यांनी वजन केलं, कडा तपासली, अशर्फी उलटी केली आणि अक्षरांवरून सुई फिरवत मोठ्यानं वाचलं, "फरखुंदा बुनियाद, हैदराबाद." म्हणजे शुभ पायावर उभं राहिलेलं हैदराबाद, असं त्यांनीच सांगितलं.

काय सांगू! आमच्या घरात इतकी वर्षं मुकी बसलेली लक्ष्मी बोलली हो! ज्या अक्षरांना आम्ही नुसती नक्षी समजत होतो त्यांना आवाज होता, आणि तो असा भारदस्त! अप्पांनी हात जोडले. मीही जोडले. साहेबांनी भिंग आमच्या हातात दिलं आणि चारमिनारच्या दारातली आकृती दाखवली. ते ऐन नावाचं उर्दू अक्षर, उस्मान अली निजामाच्या नावातलं पहिलं.

म्हणजे आई आजवर निजामाला कुंकू लावत होती!

"बसू," अप्पा कानात कुजबुजले, "हे तुझ्या आईला सांगायचं न्हाई."

मग निकाल आला. "अस्सल है. सोना अस्सल, छाप अस्सल. सिक्के में थोडा तांबा मिलाते हैं, इसलिए दांत नहीं लगता. मगर दर्जा नहीं दूंगा. इतना घिसा है तुम लोगोंने, कोई शौकीन हाथ नहीं लगाएगा."

अस्सलच्या पुढचं अप्पांनी ऐकलंच नाही. टोपी काढून डोळ्याला लावली आणि लहान पोरासारखे रडले. "माझा बाप खोटं बोलला न्हाई बसू," एवढंच म्हणत राहिले. मी एकदम पाया पडलो, साहेबांच्या आणि चुकून तराजूच्याही. साहेबांनी अशर्फी परदेशी बनावटीच्या पारदर्शक डबीत बसवली, वर नंबर चिकटवला, डबी सीलबंद केली. "डिब्बी तोडी तो मेरी जबान खतम. तोडोगे तो फोन करके बताना, नंबर काट दूंगा."

"तोडेंगे कावून साहेब?" मी छाती काढून म्हणालो.

लक्ष्मीपूजनाला अप्पांनी मुद्दाम निरोप धाडून मामाला बोलावलं. मामा आपल्या दुकानाची पूजा पोरावर सोपवून हजर झाला. मी डबी त्याच्या नाकासमोर धरली.

"डबी काय, कुणीबी बनवतंय," मामा म्हणाला. "आतली बाहेर काढ, मंग बोलू."

"बाहेर काढायची न्हाई! साहेबांचा शब्द मोडतो."

तेवढ्यात आई पंचामृताची वाटी घेऊन आली आणि डबी बघून थबकली. "आरं, हिला कोंडली कुणी? ही न्हाणार कशी?"

"वरूनच घाल की आई. प्लॅस्टिक हाय, काय होत न्हाई."

"वरून? तुला काय म्या खिडकीबाहेरून अंघोळ घातलीय व्हय रे?"

मी शब्द, सील, नंबर, सगळं समजावून सांगितलं. पणत्यांतलं तेल संपत आलं. शेवटी अप्पा म्हणाले, "साहेबांनी सांगितलं ते मी कानानं ऐकलंय. मला पुरं हाय. बसू, अडकित्ता आण."

अख्ख्या मराठवाड्यातून शोधून काढलेल्या विश्वासाच्या माणसाचं सील मी सुपारीच्या अडकित्त्यात धरलं आणि डोळे मिटून दाबलं. कट्टदिशी आवाज झाला. डबीचे तुकडे मामाच्या अंगावर, आणि अशर्फी टुण्णकन उडून थेट पंचामृताच्या वाटीत!

"बघा," आई म्हणाली, "तिलाच घाई झालती."

अंघोळ झाली, दारातल्या निजामाला कुंकू लागलं, अशर्फी चौरंगावर बसली. आरती झाली. सगळे वाकले. मामाही वाकला, चांगलं कपाळ टेकवून. अप्पा एक डोळा उघडा ठेवून हेच बघत होते.

"पाव्हणं, नमस्कार कुणाला केला?"

"कुणाला म्हंजी? लक्ष्मीला."

"चौरंगावर दुसरी कोण लक्ष्मी हाय?"

मामानं चौरंगाकडे बघितलं, अशर्फीकडे बघितलं, आईकडे बघितलं. मग हात पुढे करून हळूच म्हणाला, "बत्तासे तर द्या, दाजी." अप्पांनी त्याच्या दोन्ही हातांत मावेनात इतके बत्तासे दिले आणि त्याच रात्री एका उधार गिऱ्हाइकाशी मनसोक्त भांडले.

दुसऱ्या दिवशी, बजावल्याप्रमाणे, मी हाश्मीसाहेबांना फोन लावला.

"साहेब, डिब्बी तोडी."

"क्यों?"

"नहलाने के वास्ते."

"अब कहां है वो?"

मी काचेतून बाहेर बघितलं. दुकानाच्या पायरीवर आई अशर्फीवरचं पंचामृताचं तूप निघत नाही म्हणून चिंचेचा दुसरा गोळा घेऊन बसली होती.

"साहेब... मां घिस रही है."

"आज के बाद," साहेब शांतपणे म्हणाले, "तेरा फोन नहीं उठाऊंगा."

जुनी नाणी तपासायला विश्वासाचा माणूस सांगा, म्हणून लोक अजून माझ्याकडे येतात. मी डोळे झाकून हाश्मीसाहेबांचं नाव सांगतो. असा शब्दाचा पक्का माणूस होणे नाही. बूथ बंद होईपर्यंत दर दिवाळीला मी त्यांना शुभेच्छा द्यायला फोन लावला. एकदाही उचलला नाही!