मागं वळून बघणारा गडी

नळदुर्गला पौषातल्या जत्रेत पळण्याची शर्यत व्हायची. उजाडता उजाडता निघायचं, तुळजापूरच्या वेशीत पंचाकडून मनगटाला लाल दोरा बांधून घ्यायचा आणि त्याच रस्त्यानं माघारी यायचं. जाऊन-येऊन वीसेक कोस. निघायचे पुष्कळ, पण पळत माघारी येणारे थोडेच. बाकीचे कुणाच्या तरी बैलगाडीत बसून, तोंड लपवत यायचे.

आम्ही दोघं मित्र त्या शर्यतीची तयारी करायचो. मी शेतकऱ्याच्या घरातला, तो टांगेवाल्याच्या. बाप वारल्यापासून टांगा तोच हाकायचा, पण तो टांग्यात बसलेला मला क्वचितच दिसला. सवारी बसली की हा लगाम धरून घोड्याच्या बाजूनं पळायचा. "जनावराला तेवढंच हलकं," म्हणायचा. त्याचा दम तिथंच तयार झाला. माझा तालमीत झाला, वस्तादांच्या शिव्या खाऊन.

पहाटे आम्ही तुळजापूरच्या रस्त्यानं अनवाणी पळायचो. त्याचं घर त्याच रस्त्याला, गावाच्या शेवटाला. माघारी आलो की त्याची आई दारात उभी असायची. मी तिला खाला म्हणायचो, म्हणजे मावशी. भिजवलेले हरभरे आणि गूळ ती आमच्या ओंजळीत घालायची आणि म्हणायची, "घोडा भी इतना खात न्हाई रे."

आम्ही पहिल्यांदा शर्यतीत उतरलो, त्या वर्षी माघारी येताना तो सगळ्यांच्या पुढं होता. मी बराच मागं. चढावर माझ्या पोटऱ्यांत गोळे आले आणि मी रस्त्यातच बसलो. मान वर केली तर समोरून तोच पळत येत होता, उलट्या दिशेनं.

"ऊठ गड्या. बसलास तर पाय दगड हुतील."

"तू जा की! पयला हायस तू!"

"व्हय. ऊठ."

त्यानं पोटऱ्या चोळल्या, मला उभं केलं. तेवढ्यात दोघंजण आम्हाला ओलांडून गेले. त्यातल्या एकाला त्यानं गाठलं, दुसरा सापडला नाही. वस्ताद भडकले. "शर्यतीत मागं वळून बघत्यात व्हय रे?"

तो खाली मान घालून म्हणाला, "वस्ताद, मागं कुणी न्हाई असं वाटलं, की माझे पायच पळत न्हाईत."

पुढं दिवस फिरले. रझाकारांच्या भीतीनं आमच्या घरानं गुरं सोडली आणि निजामाची सरहद्द ओलांडून सोलापूरकडं नातेवाइकांत आसरा घेतला. निघताना त्यानंच आम्हाला टांग्यातून नाक्याच्या अलीकडं आडवाटेला सोडलं. सारी वाट तो घोड्याच्या बाजूनं पळत होता. निरोप घ्यायला वेळ मिळाला नाही.

भादव्यात फौजा सोलापूरकडून हमरस्त्यानं आल्या आणि निजामाचं राज्य गेलं. आम्ही आनंदानं माघारी आलो. गावात गुलाल उधळलेला होता. पण तुळजापूरच्या रस्त्याला शेवटच्या घरांची दारं उघडी होती आणि आत कुणी नव्हतं. त्याचा टांगा ओढ्यात उलटा पडला होता. चाकं कुणीतरी काढून नेली होती.

जरा अलीकडं राहणाऱ्या म्हाताऱ्याला मी विचारलं. त्यानं आधी मागं-पुढं पाहिलं.

"माणसं आली. कुठली, ते नको इचारू. घोडा बिथरून सुटला. तुझा दोस्त त्याच्या मागं पळाला, माळाकडं. ती माणसं त्याच्या मागं."

"मग?"

"मग काय? घोडा आला माघारी."

मी माळ पालथा घातला. विहिरींत वाकून पाहिलं. कुणी म्हणालं हैदराबादला गेला, कुणी मला बघून दार लावून घेतलं. खाला अणदूरला बहिणीकडं लपली होती. ती काही महिन्यांनी परत येऊन त्याच घरात राहू लागली.

पुढच्या वर्षी जत्रा पुन्हा भरणार, शर्यतही होणार, असं ठरलं. मी एकटाच पहाटे तुळजापूरच्या रस्त्यानं पळू लागलो. पहिल्या दिवसापासून मागं पावलं वाजत. माझ्या पावलांहून हलकी, अर्ध्या श्वासानं उशिरा पडणारी. थांबलो की थांबत. मी कुणाला सांगितलं नाही. खरं सांगायचं तर मला त्यांची सोबत वाटायची.

शर्यतीत माघारी येताना मी पुढं होतो. चढ संपला आणि ती पावलं बंद झाली. मी वळून पाहिलं. रस्ता मोकळा, धूळसुद्धा बसलेली. मी तिथंच उभा राहिलो. कोण ओलांडून गेलं, किती गेले, मला कळलं नाही. संध्याकाळी चालत गावात आलो तेव्हा वस्तादांनी एकदाच माझ्याकडं पाहिलं आणि माझ्या खांद्यावर आपली घोंगडी टाकली.

दुसऱ्या दिवशी खालाकडं गेलो. तिनं पाणी दिलं. मग जमिनीकडं बघत म्हणाली, "बेटा, एक बात सांगू? रागवू नको."

"सांगा की खाला."

"पहाटे तू पळतोस ना, इधरसे. पाय वाजले की मी उठते. रोज दार खोलते. दार खोलेपर्यंत तू निघून जातोस." तिनं दाराकडं पाहिलं. "मला माहीत असतं, तूच आहेस. तरी खोलते. यापुढं चालत येत जा, बेटा."

इतके महिने मी मागच्या पावलांना कान देत होतो. माझी पावलं कुणाच्या कानांवर पडत असतील, हे मनातसुद्धा आलं नव्हतं.

मी पळणं सोडलं नाही, रस्ता सोडला. सोलापूरच्या हमरस्त्यानं पळू लागलो. तिथं पावलं आली नाहीत. खालाकडं जोंधळे, भाजी घेऊन जायचो तेव्हा चालत जायचो आणि तिच्या दाराच्या बऱ्याच अलीकडून खाकरत जायचो, म्हणजे तिला कळावं, मी आहे.

काही वर्षांनी तिचा भाऊ येऊन तिला गुलबर्ग्याला घेऊन गेला. घराला कुलूप लागलं. त्यानंतर त्या रस्त्यानं पळायला कुणाची हरकत नव्हती. मी एकदा पळून पाहिलं. त्या दारापाशी पाय पळायचे थांबले आणि आपोआप चालू लागले.