रेघेची बाजू

कपॅसिटर हातात आला की नाना आधी तो डोळ्यांपाशी न्यायचे, त्याच्यावरची रेघ अंगठ्याच्या नखाने चाचपायचे, आणि मगच कथलाचा डाग देऊन तो जोडायचे. धुळ्यात त्यांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. मी शाळेत विज्ञान शिकवायचो आणि सुटीत त्यांच्या दुकानात हाताखाली बसायचो. फळ्यावर अधिक-उणे काढण्यात माझी हयात गेली, पण हातातल्या वस्तूवर ते शोधायला मला नानांनी शिकवलं. ते मूळचे शिंदखेड्याकडचे. "मास्तर, पहिले उनं धुंडा," म्हणायचे. "अधिक कोठे पळी जात नही."

रेघ ज्या बाजूला, ती तार उणे, एवढं साधं त्यांचं शास्त्र. उलटं जोडलं की कपॅसिटर तापतो, फुगतो, फुटतो. माझ्या हातून पहिल्याच सुटीत एक फुटला. नाना हसून म्हणाले, "तुमना पोरे पास तरी कशा व्हतस?"

डाग देताना मात्र दुकानात कुणी बोलायचं नाही, असा त्यांचा नियम होता. गिऱ्हाईकसुद्धा तोवर पायरीवर मुकाट थांबायचं.

त्यांच्या पत्नीला, अक्कांना, तापाचं निमित्त होऊन ऐकू येईनासं झालं. दुकानातलं दिवसभराचं सगळं घरी जाऊन अक्कांना सांगायचं, ही नानांची जन्माची सवय. ती सवय अडून बसली आणि माणूस वाळत गेला. शेवटी त्यांनी स्वतःच कानाचं यंत्र करायला घेतलं. पदरात मावेल एवढं लहान हवं होतं, म्हणून मी मुंबईहून मण्यांसारखे पिवळे कपॅसिटर आणले. देताना दुकानदार म्हणाला होता, "यांच्यावरची रेघ अधिकाची असते बरं."

ते मला आठवलं, तेव्हा नानांचं नख रेघेवर होतं आणि डाग द्यायची इस्तरी तापलेली होती. मी बोललो नाही. नियम होता. नंतर यंत्राची डबी बंद करतानाही बोलता आलं असतं. पण नानांना मी काय शिकवणार, माझ्याच ऐकण्यात चूक झाली असेल, अशी मी मनाची समजूत घातली. एरवी प्रत्येक वस्तू ते आधी स्वतः तपासत. त्या दिवशी म्हणाले, "मन्हा आवाज पहिले तीच ऐकी."

अक्कांनी डबीच्या तारेचं बोंडूक कानात घातलं, नानांनी बटण दाबलं. दोन क्षणांत फाडकन आवाज झाला, मांडीवरच्या डबीतून धूर निघाला. अक्का किंचाळल्या. दोन वर्षांत त्यांनी ऐकलेला तो पहिला आवाज.

मी नानांना सगळं सांगितलं. ते रागावले नाहीत, हे मला फार लागलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी कपॅसिटर बदलून सुलट जोडला. पण अक्का डबी दिसली तरी दोन्ही कानांवर हात ठेवायच्या. नानांनी आग्रह केला नाही. चार वर्षं ते हातवाऱ्यांनी बोलले, आणि मग अक्का गेल्या.

दहाव्यानंतर मी भेटायला गेलो. नानांनी ती डबी काढली, बोंडूक माझ्या कानात घातलं, आणि खोलीच्या पार दुसऱ्या कोपऱ्यात जाऊन हळूच म्हणाले, "ऐकू येस का, मास्तर?"

अगदी कानाशी बोलल्यासारखं आलं. मी मान हलवली.

"मंग बराबर शे," ते म्हणाले. बोंडूक माझ्या कानात तसंच होतं. पाठ फिरवून त्यांनी पुढे जे रडणं दाबलं, तेही मला स्वच्छ ऐकू आलं.