पुठ्ठ्याचा मोबाइल

नाना गेल्याचा निरोप जुन्या सहकाऱ्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सकाळी आला. त्याच्या जरा वर कुणीतरी गुलाबाचं फूल घालून ‘सुप्रभात’ टाकलं होतं. निरोपाखाली जोडलेल्या हातांची रांग लागली आणि दुपारपर्यंत पुन्हा विनोद सुरू झाले. पुढे जळगावात शोकसभा झाली. सहा जण बोलले, आणि नाना चांगले होते असं सहाही जणांनी सांगितलं. शेवटची दहा वर्षं ते काय करत होते हे मात्र एकानेही सांगितलं नाही. बहुतेकांना माहीत नसावं. महिना उलटला, तेव्हा ते लिहून ठेवतो आहे.

नाना आमच्या दैनिकात पानं लावायचे. मी बातम्या संपादित करून द्यायचो, ते कागदावर पेन्सिलीने पानाची डमी, म्हणजे कच्चा आराखडा, काढायचे आणि मग संगणकावर बसायचे. एके दिवशी तयार पानं मुख्यालयातून येऊ लागली आणि नानांना शाल, नारळ आणि फोटो मिळाला. ते तेव्हा बावन्न वर्षांचे होते. महिनाभरात त्यांनी रिंग रोडवरच्या एका क्लासात ‘यूएक्स डिझाइन’च्या कोर्सला नाव घातलं. मोबाइलवरचं ॲप वापरणाऱ्याला ते कसं समजेल, कुठे अडेल, याचं ते शिक्षण. आम्ही हसलो. क्लास हसण्यासारखा होताच. पुण्याहून आलेला पंचविशीचा शिक्षक भिंतीवर रंगीत चिठ्ठ्या चिकटवायचा आणि पंखा लावला की त्या खाली पडायच्या. सहानुभूती म्हणजे काय, हे तो पडद्यावर आकृती काढून शिकवायचा. वापरणारा माणूस मात्र त्या खोलीत कधी आला नाही. शेवटच्या दिवशी सगळ्यांना प्रमाणपत्रं दिली गेली, दोनदाच आलेल्यांनाही.

नानांनी तिथून दोनच गोष्टी उचलल्या. खरं ॲप बनवण्याआधी त्याचा खोटा नमुना बनवायचा, ही पहिली. “हे म्हणजे आपली डमीच,” ते म्हणाले. मिठाईच्या खोक्याचा पुठ्ठा मोबाइलच्या मापाने कापून त्याला त्यांनी खाच पाडली. कॅलेंडरच्या पाठीवर एकेक पडदा काढला आणि त्या पट्ट्या खाचेतून सरकवू लागले. दुसरी गोष्ट, तो नमुना माणसाच्या हातात द्यायचा आणि गप्प बसायचं. “इतकी वर्षं पानं लावली, पण वाचणाऱ्याचा अंगठा कुठे थांबतो ते कधी बघितलंच नाही…” हे म्हणताना त्यांच्या आवाजात खंत नव्हती. आमच्या सगळ्यांच्या धंद्याबद्दलची तुच्छता होती, आणि ती रास्त होती.

ठिबक सिंचनाचे व्हॉल्व्ह मोबाइलवरून बंद-चालू करणारं ॲप बनवणाऱ्या एका लहान कंपनीने त्यांना तीन महिन्यांसाठी घेतलं. चाचणी चांगली गेली तर कायम करायचं ठरलं होतं. घरी दुसरी मिळकत नव्हती. कंपनीचे साहेब शेतकऱ्याला ‘एंड युजर’ म्हणत आणि शेतात जायचं तर गाडीची काच खाली करत नसत. नाना पाचोऱ्याजवळ आपल्या मोठ्या बहिणीच्या गावी गेले. सुमनअक्का आणि गल्लीतले चौघे, अशा पाच जणांच्या फोनवर त्यांनी ॲप घालून दिलं. आठवड्याने पुन्हा गेले, चहा घेतला आणि विचारलं, “कसं वाटलं?” पाचही जण म्हणाले, “चांगलं शे.” नानांनी तसा अहवाल दिला. साहेबांनी तो सगळ्यांसमोर वाचून दाखवला आणि पेढे वाटले.

त्यानंतरच्या एका रविवारी नानांबरोबर मीही गावाला गेलो होतो. भर दुपारी अक्का चपला घालून कपाशीच्या शेताकडे निघाल्या. फोन हातातच होता. व्हॉल्व्ह बंद करायला चाललीस तर फोनवरून का करत नाहीस, असं नानांनी विचारलं.

“फोनवर करं ना मी. पन फोनले काय दिखस, नाना? पानी बंद व्हयनं का नही, ते जाईसनच देखनं पडस.”

“मग चांगलं आहे असं कशाला सांगितलंस?”

“तू इतला उनमा उना. तुना तोंडवर नही कसं म्हनू?”

उन्हातून आलेल्या भावाला तोंडावर नाही कसं म्हणायचं! नाना ओट्यावर बसले. मग पिशवीतून त्याच ॲपचे पडदे घातलेला पुठ्ठ्याचा मोबाइल काढून त्यांनी अक्कांच्या हातात दिला आणि स्वतःच्या तोंडात सुपारीचं मोठं खांड टाकलं. मोठी बहीण अडखळत असताना धाकट्या भावाने गप्प राहणं आमच्याकडे उद्धटपणात जमा होतं. तोंडात सुपारी असली की बोलता येत नाही, एवढाच त्या खांडाचा उपयोग. तासाभरात कळायचं ते कळलं. ‘बंद’ दाबलं की ॲप पडद्यावरचा पाण्याचा थेंब पुसून टाकत होतं. व्हॉल्व्ह खरंच बंद झाला का, हे ॲपला ठाऊकच नव्हतं. ते खोटं बोलत होतं आणि अक्कांनी ते पहिल्याच दिवशी ओळखलं होतं.

सोमवारी नानांनी साहेबांना लेखी दिलं, ‘माझा पहिला अहवाल चुकीचा होता. मी मत विचारलं. वापर बघायला हवा होता.’ थेंब पुसण्याऐवजी ॲपने खरं ते सांगावं, असंही सुचवलं. साहेब म्हणाले, “नाना, आपल्याला माहीत नाही, हे का आपण गिऱ्हाइकाला विकायचं?” थेंब राहिला. नाना राहिले नाहीत. आमच्या दैनिकाने वर्षानुवर्षं चुका छापल्या आणि दुरुस्ती आतल्या पानावर, जाहिरातीखाली, वाचता येणार नाही अशा टायपात टाकली. नोकरी जाणार हे माहीत असून पहिल्या पानावर दुरुस्ती छापणारा माणूस मी एकच पाहिला, आणि तो संपादक नव्हता. पुढे नाना शाळांचे, दवाखान्यांचे फॉर्म लोकांपुढे ठेवून तपासत राहिले. मिळकत जेमतेम होती. शोकसभेत ते साहेबही बोलले. त्यांनाही नाना चांगले वाटले होते.

मागच्या आठवड्यात अक्कांना भेटायला गेलो. पुठ्ठ्याचा मोबाइल देवांच्या फळीवर, उदबत्तीच्या पुड्याशेजारी उभा होता. खाचेत नानांनी त्या सोमवारी सुचवलेल्या पडद्याची पट्टी होती. अक्षर डमीवरचंच, पेन्सिलीचं: ‘निरोप गेला. पाणी थांबलं का, ते माहीत नाही. बघून या.’

दुपारी अक्कांनी खरा फोन घेतला आणि ‘बंद’ दाबलं. थेंब पुसला गेला. त्या पडद्याकडे त्यांनी क्षणभर पाहिलं… उंबऱ्याशी येऊन चपला पायात सरकवल्या. ‘अक्का, आता कसं वाटतं?’ हा प्रश्न माझ्या ओठावर आला होता. अडकित्त्याच्या ताटलीतलं सुपारीचं एक खांड उचलून मी तोंडात टाकलं आणि त्यांच्या मागोमाग शेताकडे निघालो.