बांबूचा सोफा आणि मुधोळचे पाहुणे

किराणा दुकानामागच्या आमच्या दोन खोल्यांना वळण लावायचा वसा थोरल्या जाऊबाईंनी घेतला आहे. हैदराबादेहून एसी गाडीत येतात, इथलं पाणी सोसत नाही म्हणून बाटल्यांचा खोका आणतात आणि रिकाम्या बाटल्या आमच्या अंगणात सोडून जातात. गेल्या पावसाळ्यात लेकीला बघायला निर्मलकडच्या मुधोळचे पाहुणे यायचे होते. आमच्या प्लास्टिकच्या खुर्च्या पाहून जाऊबाईंनी नाक मुरडलं.

“पृथ्वीचा काही विचार कर गं. लहान घरसुद्धा ईको-फ्रेंडली आणि स्टायलिश ठेवता येतं.”

“वहिनी बरोबरच म्हंतेत,” आमचे हे लगेच बोलले. वहिनी काहीही म्हणोत, ते बरोबरच असतं. खुर्च्या ह्यांनी शेजारी देऊन टाकल्या.

आठवड्याभरात जाऊबाईंनी निवडलेला बांबूचा सोफा टेम्पोतून आला. पृथ्वीच्या भल्याच्या त्या वस्तूला इतकं थर्माकोल आणि प्लास्टिक गुंडाळलेलं, की ते गोळा करताना माझी कंबर धरली. सोफा खोलीत ठेवला आणि स्वयंपाकघरात जायला अंग चोरावं लागू लागलं. रोज सकाळी झाडताना त्याच्याखाली पिवळा भुसा निघायचा. ह्यांना दाखवला.

“नवीन हाय, पडते थोडं.”

पाहुणे आले, जाऊबाईही खास आल्या. मुलाचे वडील अंगानं भारी. सोफ्यावर बसले ते रुततच गेले, गुडघे छातीशी आले. चहा घ्यायला पुढे वाकले तोच काडकन आवाज झाला आणि ते जमिनीवर! दोघांनी हात देऊन उठवलं. पांढऱ्या सदऱ्याची पाठ भुशानं पिवळी झालेली.

“काऊन हो, हे अंदरून कोण खाऊन राह्यलं?” त्यांनी विचारलं.

“नैसर्गिक आहे ना तो,” जाऊबाई म्हणाल्या, “केमिकल मारलेलं नाही.”

“मंग किड्यायलेच बसू द्या!”

पोह्यांचा ट्रे घेऊन दारात उभी असलेली लेक खो-खो हसली. जाऊबाईंनी डोळे वटारले. मुलाची आई मात्र म्हणाली, “हसू द्या तिले. आमच्या घरी बी असंच हासतेत.”

मी तडक शेजारी गेले, खुर्च्या उचलून आणल्या. त्यांच्यावरच बसून सोयरीक जुळली.

सोफा मोडला तो मी ओल्या फडक्यानं पुसल्यामुळे, असा निकाल जाऊबाईंनी नंतर फोनवर दिला. एवढ्यावर थांबतील तर त्या जाऊबाई कसल्या! लेकीच्या मुधोळच्या एका खोलीचं फर्निचरही त्याच निवडणार होत्या.

“नको मोठ्याई,” लेक सरळ म्हणाली, “आमी आमचं पाहतो.”

लग्नानंतर लेक-जावई निर्मलच्या बाजारात गेले. जुन्या सामानाच्या दुकानात एकेका खुर्चीवर बसून, हलवून, उलटी करून पाहिली आणि सागवानाच्या दोन जुन्या खुर्च्या आणल्या. स्वतःच घासून त्यांना पॉलिश केलं. खोलीत त्या नीट मावल्या, फिरायलाही जागा उरली.

जाऊबाई तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. घरात मोठी शांतता आहे.