संकष्टीला न चाखलेली उसळ

करिष्मा, परवा अंबरनाथ पूर्वेच्या सभागृहात तुला शाल मिळाली, नारळ मिळाला, आणि माइकसमोर उभी राहून तू म्हणालीस, "मी माझ्या चुकीतून शिकले." टाळ्या पडल्या. पुढच्या रांगेतल्या बायकांनी मोबाइल वर धरले. कुठली चूक ते मात्र तू सांगितलं नाहीस, आणि कुणी विचारलंही नाही. तू सांगितली नाहीस म्हणून इथे लिहिते. तुझं कौतुकही करणार आहे, कारण तेही खरं आहे. पण आधी उसळ.

करिष्मा भोपी लग्न होऊन आली ती आनंदनगरच्या कारखान्यांना खेटून असलेल्या गावात. सासरची भातशेती केव्हाच त्या कारखान्यांखाली गेली होती. नवरा अल्पेश तिथेच पाळीवर जाई, आणि सासू मोतीबाई ओट्यावर बसून गेलेल्या शेतांची नावं घेई. करिष्मा बारावी झालेली, अंगात धमक, जिभेला धार. तिने बायकांचा बचत गट काढला आणि जवळच्या एका शाळेच्या दुपारच्या जेवणाचं काम मिळवलं. मुलांना गरम आणि पोटभर मिळालं पाहिजे, हे तिचं खरंखुरं वेड होतं. पाणचट वरण पाहिलं की ती टोप उचलून मोरीत ओतायला कमी करत नसे.

गटात बहुतेक तिच्याच भावकीतल्या बायका. एकच बाहेरची, नाल्यापलीकडच्या बौद्धवाडीतली द्रौपदी शेजवळ. वयाने करिष्मापेक्षा मोठी, कामाला चोख. पहिल्याच आठवड्यात मोतीबाईने सुनेला बजावलं होतं, "तिला टोपाशी उभी करू नको गो. भांरी घासू दे. लोकांची पोरं जेवतात."

"लोकांची म्हणजे कोणाची, आई? तिची नात मैत्रेयी पण तिथेच जेवते."

"तू शिकलेली हायस, तुला सगला समजतं," मोतीबाई म्हणाली आणि विषय संपला. करिष्माने वाद घातला नाही. द्रौपदी मोरीशी बसली ती बसलीच.

शाळेचा नियम असा, की गटप्रमुखाने स्वतः चव घेतल्याशिवाय टोप मुलांपुढे जायचा नाही. करिष्मा रोज चमचाभर खाई. पण महिन्यातून एकदा संकष्टी येई आणि तिचा उपास असे. त्या दिवशी ती झाकण उचलून वास घेई आणि म्हणे, "चाललं, वाढा." दुसऱ्या कुणाला चव घ्यायला सांगावं हे तिच्या मनातही येत नसे. तो मान तिचा होता.

ती संकष्टी आली, आणि त्याच दिवशी तालुक्याचे साहेब पाहणीला यायचे होते. सकाळी स्वयंपाकघर आरशासारखं लखलखलं पाहिजे म्हणून करिष्माने हुकूम दिला, वाटाण्याची उसळ आदल्या संध्याकाळीच शिजवून ठेवा, सकाळी नुसती गरम करा. ऑक्टोबरचा उकाडा, फ्रिज नाही. सकाळी वरून कोथिंबीर पडली, मसाल्याची फोडणी पडली. करिष्माने वास घेतला. खमंग आला. साहेब फोटो काढून गेले, मुलं जेवली.

तासाभरात दहा-बारा मुलं व्हरांड्यात ओकत होती. सरकारी दवाखान्यात सलाइन लागली. सगळी वाचली, हे आधीच सांगून टाकते. पण त्या दुपारी ते कुणाला ठाऊक होतं? आया किंचाळत होत्या, आणि करिष्मा उपाशी पोटी एका खाटेवरून दुसऱ्या खाटेकडे पळत होती.

दुसऱ्या दिवशी शाळेच्या फाटकाशी गर्दी जमली. मुख्याध्यापक राजेंद्र सर बाहेर आले, घाबरलेले. म्हणाले, "शांत व्हा. कोणाचा हात लागला होता, ते आपण बघू."

हात हा शब्द त्यांनी सहज वापरला असेल. गर्दीतून कुणी तरी ओरडलं, "ती शेजवळीण आहे ना आत!" आणि मग एवढंच चाललं. तिने पळी नीट धुतली नसेल. तिने मुद्दाम काही टाकलं असेल. ह्यांना कामावर घ्यायचंच कशाला?

द्रौपदी करिष्माच्या बाजूलाच उभी होती. तिने करिष्माकडे पाहिलं. "ताई, सांगा की. उसळ आदल्या संध्याकाळची होती."

सगळे करिष्माकडे बघायला लागले. दोन वाक्यं बोलायची होती. उसळ मी आदल्या दिवशी करायला लावली, आणि वाढायच्या आधी मी चाखली नाही. बोलली असती तर काम गेलं असतं, कदाचित पोलीसही आले असते. करिष्मा म्हणाली, "मी बघते. चौकशी होऊ दे."

गर्दीला तेवढं पुरलं. कुणी तरी द्रौपदीचा पदर ओढला, कुणी तिच्या अंगावर चप्पल भिरकावली. सरांनी तिला मागच्या दाराने घरी पाठवलं, ते कायमचं. गटाचं काम टिकलं.

मैत्रेयी मात्र शाळेतच होती. तिसरीतली पोर. पंगतीत तिच्या दोन्ही बाजूंना जागा रिकाम्या राहायला लागल्या. मुलं तोंडावर म्हणत, "ए, तुझ्या आजीने विष घातलं." करिष्मा वाढायला जाई तेव्हा मैत्रेयी ताट पालथं घालून बसे. करिष्मा पुढे सरके. रोज.

उसळीच्या नमुन्याच्या तपासणीचा निकाल आला. अन्न शिळं होतं, बाकी काही नाही. सरांनी तो करिष्माला वाचून दाखवला आणि म्हणाले, "मिटलंय ना आता? कशाला उकरायचं?"

त्या रात्री करिष्मा जेवली नाही, आणि त्या दिवशी उपास नव्हता. पुढच्या संकष्टीला तिने टोपाचं झाकण उचललं, वाटीभर वरण घेतलं आणि सगळ्यांदेखत प्यायली. घरी बातमी तिच्याआधी पोचली होती.

"उपास मोरलास?" मोतीबाई कडाडली. "देवाचा काय कोप होल, माहीत हाय?"

"मोडला. होऊ दे कोप. दवाखान्यात बघितलाय मी."

आठवड्याने तिने गटाची बैठक बोलावली, दार लावून घेतलं आणि म्हणाली, "चूक माझी होती. शिजवायला मी सांगितलं, चाखलं मी नाही. द्रौपदीबाईंचा काही संबंध नव्हता." मग एकीने तिच्या पाठीवर हात ठेवला. काम सोडणं तर दूरच, त्या दिवसापासून बायका तिच्या शब्दाखातर उभ्या राहायला लागल्या. तिने आदल्या दिवशी शिजवून ठेवणं बंद केलं, चव दोघींनी घ्यायची असा नियम घातला, आणि जिची चूक तिने ती त्याच दिवशी बोलायची अशी रीत पाडली. ती रीत इतकी चांगली चालली की शहाडचं स्वयंपाकघर तिच्याकडे आलं, मग उल्हासनगरची दोन. आज तिच्या टोपातलं खाऊन एकही मूल आजारी पडत नाही. हे कौतुक मी मनापासून लिहिते.

बैठकीनंतर ती नाल्यापलीकडे गेली होती. द्रौपदी दारात तांदूळ निवडत बसली होती. तिने बस म्हटलं नाही.

"मावशी, मी सगळ्यांसमोर कबूल केलं. तुम्ही कामावर या. या वेळी टोपाशी, मोरीशी नाही."

"सगळ्यांसमोर म्हणजे?"

"गटासमोर."

"म्हणजे तुझ्या जावांसमोर. दार उघडं होतं की लावलेलं?"

"लावलेलं."

"मला दार लावून नाही हाकललं, बाई. फाटकावर हाकललं." द्रौपदीने सूप खाली ठेवलं. "काम नको मला. एकच कर. शाळा सुटते तेव्हा आया उभ्या असतात. तिथे ये, माझ्या मैत्रेयीचा हात धर, आणि जे आत बोललीस ते तिथे बोल. मोठ्याने. बास."

"सोमवारी येते," करिष्मा म्हणाली.

सोमवारी तालुक्याला बैठक निघाली. पुढच्या सोमवारी आणखी काही. मैत्रेयी फाटकाशी थांबायची, कारण आजीने थांब म्हणून सांगितलं होतं. वर्ष संपलं आणि द्रौपदीने तिला दुसऱ्या शाळेत घातलं. करिष्माची जीप त्या फाटकावरून आजही जाते, बऱ्याचदा शाळा सुटायच्याच वेळी. आया उभ्या असतात. जीप थांबत नाही.